शाळेतील मदतनीस : भाचीने जावे की न जावे?

ए-२०३ : नमस्कार. माझ्या भाचीचे डी.एड. झाले आहे. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून तिच्या काही मैत्रिणी जिल्हा परिषदेच्या शाळांत मदतनीस म्हणून गेल्या होत्या. तशी संधी आल्यास तिनेही जावे का, हे बी विंगमधील आपल्या मुख्याध्यापिका मॅडमनी सांगावे, ही विनंती.

बी-१०४ : ताई, मी निवृत्त झाले असले तरी हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. २०२४ मध्ये ही योजना आली तेव्हा बारावी उत्तीर्णांना ६,०००, पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये दरमहा विद्यावेतन ठरले. मुदत आधी ६ महिने होती, ती पुढे ११ महिने झाली. वर्गात जादा माणसाची गरज आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार ६० पटापर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोनच शिक्षक मिळतात, म्हणजे पाच इयत्ता दोघांनी सांभाळायच्या. तिसरीतला मुलगा ४२ वजा १७ चे उत्तर ३५ लिहितो, कारण एककात लहान अंक दिसला की तो मोठ्यातून लहान वजा करून मोकळा होतो. त्याच्याशेजारी बसून, दहा काड्यांचा एक गठ्ठा सोडून त्या सुट्या काड्यांत मिळवून दाखवायला पाच-सात मिनिटे लागतात आणि तेवढ्यात पहिलीचा वर्ग डोक्यावर घेतलेला असतो.

सी-४०१ : मॅडम, आपला अनुभव मान्य आहे, परंतु मदतनीसांच्या नावाखाली मंजूर पदे रिकामी ठेवण्याची ही सोय नव्हे काय? शिक्षणसेवकांना, म्हणजे ठरावीक मानधनावर नेमलेल्या नव्या शिक्षकांना, सुरुवातीला दरमहा ३,००० रुपयांवर राबवले गेले आणि प्राथमिकचे मानधन १६,००० व्हायला २०२३ साल उजाडले.

बी-१०४ : काका, ही भीती रास्त आहे. शिक्षकाच्या जागी मदतनीस बसवणे मला मुळीच मान्य नाही. तरीही ‘प्रथम’ संस्थेने मुंबई महापालिकेच्या शाळांत राबवलेला बालसखी उपक्रम आठवून पाहा. वस्तीतलीच शिकलेली मुलगी तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळे घेऊन वाचन आणि अंकगणित पक्के करून घेत असे. पुढे नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांनी सहकाऱ्यांसह मुंबई व बडोद्यात त्याचा अभ्यास केला. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात सर्वाधिक फायदा याच मागे पडलेल्या मुलांना झाल्याचे दिसले. याउलट इंग्लंडमध्ये २००९ च्या एका मोठ्या अभ्यासात, ज्या मुलांना मदतनीसांची सोबत अधिक मिळाली त्यांचीच प्रगती तुलनेने कमी आढळली, कारण ती मुले मदतनीसांवर सोपवली गेली आणि शिक्षकांपासून तुटली, शिवाय दोघांना मिळून तयारी करायला वेळच ठेवलेला नव्हता. काम कोणते आणि कोणासाठी, हे आधी ठरले नाही की असे होते. आपल्याकडे तर आणखी एक धोका आहे. संगणक येणारा मुलगा शाळेत आला की त्याला युडायस प्लस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीची आणि पोषण आहाराची माहिती भरायला बसवतात. अडलेल्या मुख्याध्यापकाला मी त्यासाठी फार दोषही देणार नाही.

ई-१०२ : आणि अकरा महिन्यांनी मुलांना लळा लागलेली व्यक्ती निघून जाते, ते वेगळेच.

बी-१०४ : अगदी खरे. म्हणूनच शासनाला खरोखर मदतनीस नेमायचे असतील, तर पद किमान दोन-तीन वर्षांचे असावे, आधी वाचन-गणिताचे प्रशिक्षण द्यावे आणि शिक्षकांची मंजूर पदे त्यातून वजा करू नयेत, असे माझे मत आहे.

ए-२०३ : मग भाचीला काय सांगू?

बी-१०४ : रोज कोणती मुले, कोणत्या तासाला तिच्याकडे असतील, हे रुजू होण्याआधी मुख्याध्यापकांना विचारायला सांगा. उत्तर स्पष्ट मिळाले तर तिने अवश्य जावे, शिकायला मिळेल. मात्र या कामातून कायम नोकरी मिळेल, अशी आशा धरू नये. शिक्षक भरती शासनाच्या पवित्र पोर्टलवरून टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि टेट (शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी) यांच्या आधारेच होते, तेव्हा संध्याकाळचा अभ्यास तिने सोडू नये. पुस्तके हवी असतील तर माझ्याकडून घेऊन जा.