मदत हवी आहे: पद कुणाचंच नाही, तरी शब्द एकाचाच चालतो

आमचा १४ जणांचा स्वयंसेवी अभ्यासगट आहे. अध्यक्ष, सचिव असं काही नाही, सगळे समान. निदान म्हणायला तरी! प्रत्यक्षात एक ज्येष्ठ सदस्य बोलले की विषय संपतो. ते दादागिरी करत नाहीत, उलट सर्वात जास्त काम तेच करतात. त्यामुळे त्यांना बाजूला सारायचं नाहीये. पण बैठकीत माना डोलावणारेच नंतर मला फोन करून 'पटलं नव्हतं' म्हणतात.

दर बैठकीला सूत्रसंचालक बदलून पाहिला. तोही त्यांच्याकडेच बघतो. प्रत्येकाला आळीपाळीने बोलायला लावलं, तर पहिले तेच बोलले आणि बाकीच्यांनी री ओढली.

मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांच्या १९५०च्या दशकातल्या प्रयोगांत एकजण जरी वेगळं बोलला, तरी इतरांचं दबून होकार देणं बरंच घटलं होतं. उत्तर लिहून द्यायचं असेल तेव्हाही. म्हणून चर्चेआधी निनावी चिठ्ठ्या घ्याव्यात असं डोक्यात आहे. पण एवढ्या छोट्या गटात अक्षर लगेच ओळखू येतं.

कुणी हे केलंय का? चिठ्ठ्या आधी घ्याव्यात, की त्यांनाच शेवटी बोलायची विनंती करावी? आणि ती त्यांना न दुखावता कशी करायची?