"पर्यावरणशास्त्र छंद म्हणून ठेवा" याला उत्तर

कातळफूल
'बारावीनंतर काय' या धाग्यावर रोखठोक यांनी एका आईला सल्ला दिला: "बी.एस्सी. पर्यावरण म्हणजे तीन वर्षं पक्षी बघायचे आणि चौथ्या वर्षी नोकरी बघायची. केमिस्ट्री घ्या नाहीतर सिव्हिल. पर्यावरण छंद म्हणून ठेवा." तिथेच उत्तर द्यायला बसले, पण ते लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

मी हीच पदवी पुण्यात घेतली. दुसऱ्या वर्षाला मुठेचं पाणी तपासायचं होतं. बाटली पाण्याखाली धरून, एकही बुडबुडा न राहू देता भरायची. काठावरच मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घालायचं, बूच लावून उलटसुलट हलवायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो. खडकवासल्याच्या बाजूला तसाच बसला. शहर ओलांडून मुंढव्याकडे मुळा-मुठेवर गेलो तर साका पांढरा. पांढरा म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन नाहीच. त्याच आठवड्यात वर्गात १९७४ चा जल कायदा सुरू होता. कायदा आहे, प्रदूषण मंडळ आहे, मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं आहेत, मग ही बाटली अशी का? त्याचं उत्तर शोधायला रसायनशास्त्र लागतं, कायदा लागतो, महापालिकेचं अंदाजपत्रक वाचता यावं लागतं, जलपर्णी कशावर पोसते ते कळावं लागतं. केमिस्ट्रीचा पदवीधर साक्यापर्यंत पोचतो, सिव्हिलचा टाकीचं माप काढतो. हे सगळं जोडून बघायला शिकवणारी पदवी एकच आहे आणि तिला तुम्ही छंद म्हणता.

रोखठोक
ताई, तुमची बाटली पटली. आता माझ्या टेबलावरचं सांगतो. माझं लहानसं ऑफिस आहे. एमआयडीसीतल्या कारखान्यांची प्रदूषण मंडळाकडची संमतीपत्रं, ईटीपी म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचे प्लँट, ३० सप्टेंबरच्या आत भरायचा फॉर्म ५ म्हणजे वर्षाचं पर्यावरण विवरण, अशी कामं. मुलाखतीला पर्यावरणाची मुलं येतात. विचारतो, बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात, ती चाचणी) किती दिवसांचा? "पाच दिवस, २० अंश." आपल्याकडे ती चाचणी २७ अंशांवर तीन दिवस करतात हे माहीतच नसतं, कारण कॉलेजातला इन्क्युबेटर, म्हणजे नमुने ठरावीक तापमानाला ठेवायची पेटी, बंद पडलेला असतो. ईटीपीचं ड्रॉइंग पुढे ठेवलं की गप्प. हवामानबदलावर मात्र अर्धा तास बोलतील.

आणि भारतीय वनसेवेची जाहिरात वाचा. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भूशास्त्र, भौतिक, गणित, संख्याशास्त्र, पशुवैद्यक यातला एक तरी विषय पदवीला हवा, नाहीतर कृषी, वनशास्त्र किंवा इंजिनिअरिंगची पदवी. त्या यादीत पर्यावरणशास्त्र नाही. ज्याला जंगलात नोकरी करायची त्यालाच दार बंद. हे त्या आईला सांगायला नको का?

वाशिष्ठीकाठ
ती आई मीच. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात आमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा मुलगी नववीत होती. भांड्यातला चिखल खरवडताना तिचं एकच चाललेलं, एवढा गाळ आला कुठून? शेजारी कोणी कोळकेवाडी धरणाला बोल लावत होतं, कोणी भरतीला, कोणी वरच्या जंगलतोडीला. तिला याचाच अभ्यास करायचाय. पक्षी बघायला ती निघालेली नाही. रोखठोक, तुमचं म्हणणं मी गंभीरपणे घेतलं होतं, पण ज्या सुरात लिहिलंत तो सूर लागला.

पाटीपेन्सिल
मूळ दुखणं कोणी बोलतच नाही. १९९१ मध्ये वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिकवा म्हणून आदेश दिला. २००३ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं, तेव्हा कुठे यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम सगळ्या पदव्यांना आला. मी कॉमर्सला शिकवते. हा पेपर कोणाला देतात? ज्याचा वर्कलोड कमी भरतो त्याला. प्रकल्प म्हणजे गांडूळखत, एका वहीच्या झेरॉक्स वर्गभर फिरतात. चांगला हेतू असा मातीत गेलेला बघून जीव तुटतो. 'पर्यावरण म्हणजे सोपा पेपर' हे मत तिथेच तयार होतं आणि पदवीच्या माथी बसतं.

कातळफूल
पाटीपेन्सिल, सहमत. या विषयाची पदवी आणि नेट (प्राध्यापक व्हायची पात्रता परीक्षा) असलेली माणसं घरी बसलीत आणि पेपर अकाउंट्सवाल्यांकडे. रोखठोक, वनसेवेचं तुम्ही बरोबर लिहिलंत, पण "एक तरी विषय" हे शब्दही तुमचेच आहेत. पर्यावरणाबरोबर वनस्पतिशास्त्र किंवा रसायन घेतलं तर दार उघडं राहतं. सल्ला तो द्यायचा होता.

सड्यावरचा
मी राजापूरकडचा. इथे प्रकल्पांचे पर्यावरण अहवाल लिहिणाऱ्या सल्लागार कंपन्यांचं लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, प्रकल्प येणार म्हटलं की मे महिन्यात त्यांची पाहणीची गाडी येते. मे महिन्यात सडा कसा दिसतो? काळा कातळ आणि वाळलेलं गवत. अहवालात लिहितात, "पडीक जमीन, उल्लेखनीय वनस्पती नाहीत." दीपकाडी या फुलझाडाचा कंद तेव्हा जमिनीखाली असतो. पहिला पाऊस झाला की तिची पांढरी फुलं सड्यावर उभी राहतात. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवा सोडून ती जगात कुठे नाही. कातळावरच्या डबक्यांत बेडूक येतात, कीटक खाणारी सीतेची आसवं फुलतात. हे ज्याला माहीत नाही त्याने आमच्या गावाचा पर्यावरण अहवाल लिहायचा आणि आम्ही जनसुनावणीत तो ऐकायचा!

रोखठोक
१४ सप्टेंबर २००६ ची ईआयए अधिसूचना वाचा, प्रकल्पाचे पर्यावरणावरचे परिणाम कसे तपासायचे ते सांगणारी. पावसाळा सोडून एका हंगामाची माहिती पुरते. नियम मी केलेला नाही. गिऱ्हाइकाला पावसापर्यंत थांबा म्हटलं तर ते दुसऱ्याकडे जातं. माझ्याकडे माणसं कामाला आहेत, त्यांच्या घरी चूल पेटायला हवी.

सड्यावरचा
म्हणजे तुमच्या माणसांची चूल पेटावी म्हणून आमचा सडा पडीक ठरवायचा? रत्नागिरीच्या बॉक्साइट खाणीचा अहवाल आठवतो का? रशियातल्या खाणीच्या अहवालातले उतारे उचलले होते. कोकणात स्प्रूस आणि बर्चची जंगलं! असली कामं करणाऱ्यांनी पोरांच्या ज्ञानाची परीक्षा घेऊ नये.

रोखठोक
त्या अहवालाशी माझा काडीचा संबंध नाही. तोंड सांभाळून बोला. एका चोरावरून सगळ्या धंद्याला चोर म्हणणार असाल तर चर्चा इथेच थांबवू.

कातळफूल
दोघांनी दमानं घ्या. पण रोखठोक, नियम कमीत कमी किती ते सांगतो. पावसाळ्यात जाऊ नका असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. गोव्यातल्या मोपा विमानतळाचं घ्या. सड्याच्या भोवतालचं जंगल आणि पश्चिम घाटातलं संवेदनशील क्षेत्र अर्जात नीट दाखवलं नव्हतं, म्हणून मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंजुरी रोखून धरली. जानेवारी २०२० मध्ये वाट मोकळी झाली, पण तेवढे महिने काम अडलंच ना? पावसाळ्याचे तीन महिने थांबणं त्याहून स्वस्त पडलं असतं. मी आता हेच काम करते, जैवविविधतेचा भाग लिहिते. जूनमध्ये सड्यावर जायचं हे मला बीओडीच्या पुस्तकाने शिकवलं नाही. तिसऱ्या वर्षाच्या मॅडम छत्री घेऊन आम्हाला कातळावर घेऊन गेल्या होत्या, त्यांनी शिकवलं.

रोखठोक
सड्याचं मान्य करतो. माझ्याकडे पावसात जाऊन वनस्पती ओळखून देणारं कोणी नाही, बाहेरून बोलवावं लागतं. पण ज्याला बोलवतो तो बॉटनीचा एम.एस्सी. आहे, पर्यावरणाचा नाही. तेव्हा माझा मूळ मुद्दा जागेवरच आहे.

ताळेबंद
नोकऱ्यांचं म्हणाल तर चित्र बदललंय. २०२२-२३ पासून शेअर बाजारात नोंदलेल्या पहिल्या १००० कंपन्यांना सेबीचा बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल सक्तीचा आहे. पाणी, ऊर्जा, कचरा, उत्सर्जन यांचे आकडे गोळा करायला माणसं लागतात आणि घेतलीही जातात. माझ्याच टीममध्ये पर्यावरणाच्या मुली आहेत, चांगलं काम करतात.

पाटीपेन्सिल
आकडे भरायला घेतात, निर्णय घ्यायला नाही. ती मुलगी पुराचं कारण शोधायला निघाली आहे, तिला एक्सेलसमोर बसवू नका.

वाशिष्ठीकाठ
भांडण पुरे. प्रवेश जवळ आलेत. कॉलेज बघायला जाऊ तेव्हा नेमकं काय विचारू, ते सांगा.

कातळफूल
ताई, माहितीपत्रकावर जाऊ नका. प्रयोगशाळेत जा आणि इन्क्युबेटर चालू आहे का ते डोळ्यांनी बघा, रोखठोक यांची ती तक्रार खरी आहे. जोडीला कोणते विषय घेता येतात ते विचारा, रसायन किंवा भूशास्त्र मिळालं तर उत्तम. गाळाचा अभ्यास करायचा तर मी भूशास्त्रच म्हणेन. क्षेत्रभेटी कुठे आणि कोणत्या महिन्यात नेतात ते शिक्षकांना नाही, तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. सगळ्या भेटी डिसेंबरातल्या असतील तर दुसरं कॉलेज बघा. जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे आणि जागेची माहिती जोडून बघायचं तंत्र, शिकवतात का तेही विचारा.

रोखठोक
संख्याशास्त्र राहिलं. ते नसेल तर प्रवेश घेऊ नका. आणि पहिल्या वर्षाच्या सुट्टीत मुलीला लोटे एमआयडीसीतला एखादा ईटीपी आतून बघू दे, तुम्हाला जवळ आहे. ओळख लागली तर मला निरोप करा.