मदत हवी आहे: म्यूझस्कोरमध्ये एकाच रचनेत 3+2+2 आणि 2+2+3 कसं लिहायचं?

नमस्कार मंडळी. मध्यलय रूपकातली (सात मात्रांचा ताल) एक गत (वाद्यावर वाजवायची रचना) व्हायोलिन, व्हायोला आणि चेलोसाठी स्टाफ नोटेशनमध्ये लिहितो आहे. मात्रेला एक क्वेव्हर (पाश्चात्त्य नोटेशनमधली एक छोटी नोट), म्हणून 7/8. म्यूझस्कोर (नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर) 3.6 आहे. तीन अडचणी:

टाइम सिग्नेचरच्या (7/8 ही खूण) प्रॉपर्टीजमध्ये टेक्स्ट 3+2+2 केलं, तसं छापूनही येतं, पण बीम (नोटा गटाने जोडणाऱ्या दांड्या) हलत नाहीत. नोट ग्रुप्समधून बीम तोडले तर बदल फक्त व्हायोलिनच्या ओळीत दिसतो. आणि दुसऱ्या भागात चार बार (आवर्तनं) 2+2+3 हवे आहेत. तिथे बदल केला की पहिला भागही बदलतो.

षड्ज_मध्यम:
टेक्स्ट म्हणजे नुसती पाटी. बीम ठरतात नोट ग्रुप्सवरून, आणि तो बदल त्या एका स्टाफपुरताच (एका वाद्याच्या ओळीपुरताच) राहतो. त्यामुळे स्कोरमधल्या सिग्नेचरला हात न लावता नवी बनवा. शिफ्ट + एफ9 ने मास्टर पॅलेट उघडा, टाइम सिग्नेचर्समध्ये व्हॅल्यू 7/8 ठेवा, टेक्स्टमध्ये वर 3+2+2, खाली 8. नोट ग्रुप्समध्ये चौथ्या आणि सहाव्या क्वेव्हरवर क्लिक करा. ज्या नोटवर क्लिक कराल तिच्या आधी बीम तुटतो. 'ऑल्सो चेंज शॉर्टर नोट्स' वर टिक हवीच, नाहीतर दुगुनीतल्या (मात्रेला दोन) सेमीक्वेव्हर जुन्याच गटात राहतील. मग ॲड.

तशीच दुसरी 2+2+3 ची: तिथे तिसऱ्या आणि पाचव्या क्वेव्हरवर तोडा. पहिली गतीच्या सुरुवातीला ओढून टाका, दुसरी त्या चार बारच्या तोंडाशी, आणि पाचव्या बारला पुन्हा पहिली. ओढताना कंट्रोल दाबू नका, दाबलंत तर ती एकाच स्टाफला लागते.

तिहाई:
यानंतरही काही बीम अडून बसले तर तिथे आधी हाताने बीम जोडले-तोडले असणार. हाताने केलेलं नोट ग्रुप्सवर मात करतं. ते बार निवडून फॉरमॅटमधून रीसेट बीम्स करा.

बीम फक्त क्वेव्हर आणि त्याहून लहान नोटांना असतात, हेही बघा. 3+2+2 मध्ये तिसऱ्या मात्रेवर क्रोचेट (दोन क्वेव्हरएवढी नोट) आली तर ती गटाची सीमा ओलांडते. तिथे टायने (लांबी जोडणाऱ्या कमानीने) जोडलेल्या दोन क्वेव्हर लिहा, वादकाला चौथी मात्रा डोळ्यांना दिसली पाहिजे. आणि दुसरी सिग्नेचर 'दोन्ही 7/8 च तर आहेत' म्हणून लपवू नका. समोर 2+2+3 छापलेलं असलं की तालमीतले निम्मे प्रश्न वाचतात.

धागाकर्ता:
बीम जमले, तिन्ही ओळींत! आता प्लेबॅक भलताच द्रुत वाजतोय. मला मिनिटाला 160 मात्रा हव्या आहेत.

षड्ज_मध्यम:
टेम्पो दिला नसेल तर म्यूझस्कोर क्रोचेट = 120 धरतो, म्हणजे तुमच्या 240 मात्रा. क्वेव्हर = 160 असा टेम्पो टाका. क्रोचेट = 80 लिहूनही वेग तोच येईल, पण सातच्या बारमध्ये क्रोचेट मोजत बसायला चेलोवाल्याला लावू नका.

तिहाई:
एक राहिलं. रूपकाची सम (पहिली मात्रा) 'खाली'वर, म्हणजे टाळी नसलेल्या जागी असते, टाळ्या चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर. पाश्चात्त्य वादक सवयीने बारच्या पहिल्या नोटवर वजन देतो. बंदिशीत ते नको असेल तर वर शब्दांत सूचना लिहा, आणि ॲक्सेंट जिथे खरोखर हवा तिथेच द्या. पुढे विलंबित लिहिणार असाल तर 7/8 सोडून 7/4 घ्या: मात्रेला क्रोचेट धरली की चौगुन (मात्रेला चार) सेमीक्वेव्हरमध्ये मावते, नाहीतर तीन-तीन दांड्यांच्या डेमीसेमीक्वेव्हरने पान काळं होतं.