उतरवलेलं वजन टिकवताना उमेद कशी राखता? अनुभव लिहा

रानजाई
माळा आवरताना वजनाची जुनी वही हाती लागली. दर सोमवारचा आकडा, शेजारी कमरेचं माप, समासात "लग्नं ३, एकादशी १". आकडा उतरत होता तोवर पानं गच्च, ७१ वर थांबला आणि पुढची पानं कोरी. उतरताना दर आठवड्याला शाबासकी मिळते. टिकवताना ७१ चे ७१, कुणी विचारतही नाही. उतरवायचे उपाय ढिगाने सापडतात, ते इथे नकोत. ज्यांनी दोन-चार वर्षं टिकवलंय त्यांनी मापं, वेळा आणि नेमकं कुठे बिघडतं ते लिहा.

माझ्याकडून एक. एकच आकडा धरू नये, पट्टा धरावा. ७१ असेल तर ७० ते ७२. सात दिवसांची सरासरी ७२ च्या वर गेली की दोन आठवडे ठरलेली चार कामं: तेल मोजून, बाहेरचं बंद, रात्रीचं जेवण आठच्या आत, चालणं २० मिनिटांनी जास्त. ही चार कामं आधीच लिहून फ्रिजला लावलेली हवीत. वजन वाढल्यावर ठरवायला बसलं की माणूस उपाशी राहण्याचे बेत करतो, आणि ते चौथ्या दिवशी मोडतात.

कोथिंबीर
पट्टा हवाच. लग्नाच्या जेवणानंतर सकाळी दीड किलो जास्त दिसतं ती चरबी नव्हे. मीठ पाणी धरून ठेवतं, शिवाय शरीरातल्या साखरेच्या साठ्यात प्रत्येक ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी असतं. दीड किलो चरबी चढायला गरजेपेक्षा साडेअकरा हजार कॅलरी जास्त लागतील, एका पंगतीत होत नाही ते. पाळीच्या आधीच्या आठवड्यातला आकडा मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी ताडायचा.

काटा फरशीवर, सतरंजीवर नाही. शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. काटा जागेवरून हलवला असेल तर पहिला आकडा सोडून द्या.

सांजवात
कुकर लावलाय, पटकन लिहिते. तेल!! माणशी महिन्याला अर्धा लिटर धरा. चौघांचं घर तर १ तारखेला २ लिटर वेगळ्या बरणीत काढायचं आणि बरणीवर तारीख लिहायची. बरणी २२ ला संपली तर वजनाच्या काट्याआधी तिनेच सांगितलं. तळणाचं तेलही त्यातलंच धरायचं, बहुतेकांचा हिशोब तिथे चुकतो, तळणासाठी वेगळी पिशवी फोडली जाते. छोटा ५ मिलीचा चमचा म्हणजे सुमारे ४० कॅलरी. पिशवीतून थेट कढईत ओतलं की तीन चमचे कधी पडतात कळत नाही.

दाण्याचं कूटपण. मूठभर ३० ग्रॅम, १७० कॅलरी.

दवाखान्यातली
आहारतज्ज्ञ म्हणून लिहिते. उमेद जाण्यामागे शरीराचाही हात असतो, हे आधी मनात पक्कं करा. मेलबर्नमध्ये ५० जणांवर झालेला २०११ चा अभ्यास आहे: दहा आठवडे खूप कमी खाऊन वजन उतरवलं, आणि वर्ष उलटलं तरी भुकेची संप्रेरकं पूर्ववत झाली नव्हती. केव्हिन हॉल या अमेरिकी संशोधकांच्या गटाने २०१६ मध्ये हिशोब मांडला की उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा रोजचा खर्च २० ते ३० कॅलरींनी घटतो, आणि भूक मात्र सुमारे १०० कॅलरींनी वाढते.

म्हणजे ८३ वरून ७१ वर आलेल्या माणसाला रोज सुमारे ३०० कॅलरी कमी पुरतात, जवळपास पावणेदोन भाकऱ्या. "वजन उतरलं, आता पूर्वीसारखं खाऊ" इथेच घात होतो. ती भूक खरी असते. स्वतःला खादाड म्हणू नका, ताटात पोट भरणारं वाढवा.

प्रथिनं किलोमागे १.२ ग्रॅम, म्हणजे ७० किलोला ८४ (मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच). शाकाहारी घरात हे आपोआप होत नाही, मांडून बघा: मटकी ५० ग्रॅम कोरडी १२, तूरडाळ ४० ग्रॅम ९, दही २०० ग्रॅम ७, पनीर १०० ग्रॅम १८, सोयाबीन वड्या ३० ग्रॅम १५, दोन भाकऱ्या १०. झाले ७१. एक पेला दूध धरून ७९. वरण-भात-भाजीवर राहणाऱ्यांचं ४० च्या पुढे जात नाही, आणि तेच लोक संध्याकाळी पाच वाजता डबे उघडतात.

पर्वतीकर
ताई, पाच वाजताचं अगदी खरं.

अबोली
उपासाचं कुणी लिहिलंच नाही! "एकादशी, दुप्पट खाशी" उगाच म्हणत नाहीत. साबुदाणा ७५ ग्रॅम, कूट ३०, तूप दोन चमचे, थोडा बटाटा: एक बशी साडेपाचशेच्या पुढे, आणि प्रथिनं १० सुद्धा नाहीत. दोन तासांत परत भूक. त्यापेक्षा वरीचा भात, काकडीची कोशिंबीर, ताक, एखादं उकडलेलं रताळं. श्रावणात सोमवार-शनिवार दोन्ही धरणाऱ्यांनी तर नक्कीच.

सह्यवाट
चालणं सगळे सांगतात, मी ताकदीचं सांगतो. वजन उतरताना स्नायूही जातात, ते परत बांधले नाहीत तर खर्च आणखी घटतो. आठवड्यातून दोनदा अर्धा तास पुरे. खुर्चीवरून हात न लावता उठबस १२ च्या तीन फेऱ्या, भिंतीला दंड १२ च्या तीन, ५ किलो तांदळाची पिशवी छातीशी धरून उठबस. १२ सहज जमायला लागले की वजन वाढवायचं. लोक इथे चुकतात, वर्षभर तेच ५ किलो.

पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढणाऱ्यांना: गुडघा चढताना कमी, उतरताना जास्त कुरकुरतो. सावकाश उतरा, पाऊल आडवं टाकून.

आणि उमेदीचं म्हणाल तर काटा हलत नाही तेव्हा हलणारं दुसरं काही मोजा. पायऱ्यांना लागलेली मिनिटं, दंडांची संख्या, कंबर. ते आकडे वर्षानुवर्षं सुधारत राहतात.

पर्वतीकर
सिंहगडावर रविवारी गेलं की वर पिठलं-भाकरी, कांदाभजी आलंच. त्याचं काय करायचं?

सह्यवाट
पिठलं-भाकरी-दही खा दादा, छान जेवण आहे. भजी चौघांत एक बशी.

न्यूजर्सीकर
इकडे १९९४ पासून एक नोंदवही चालू आहे, नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्री. १३.६ किलो उतरवून वर्षभर टिकवलेल्यांनाच घेतात. त्यातले ७५ टक्के आठवड्यातून निदान एकदा वजन करतात, ९० टक्के दिवसाला सरासरी तासभर व्यायाम करतात. आपणहून नाव नोंदवलेली माणसं आहेत, त्यामुळे यामुळेच टिकलं असं म्हणता येत नाही, पण तासभर हा आकडा लक्षात ठेवा. उतरवताना अर्धा तास पुरला तरी टिकवायला जास्त लागतो.

डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, बाहेर बर्फ. घरच्यांशी फोनवर बोलताना खोलीत फेऱ्या मारायच्या, बसायचं नाही. ४० मिनिटांच्या गप्पांत चार हजार पावलं सहज.

मालवणी माणूस
इंजेक्शनवर उतरवलेल्यांचं काय? भाऊ विचारतोय, थांबवायचं म्हणतो.

दवाखान्यातली
भाऊंना सांगा, परस्पर बंद करू नका, ज्यांनी लिहून दिलं त्यांच्याशी बोला. सेमाग्लुटाइड या भूक दाबणाऱ्या इंजेक्शनच्या एका मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांनी औषध थांबवलं, पुढच्या वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलं. औषध चालू असतानाच प्रथिनं आणि सह्यवाट यांनी लिहिलेला व्यायाम बसवून घ्या. भूक दबलेली असते तेव्हाच सवय लावणं सोपं.

मालवणी माणूस
आभारी आहे ताई. त्याला वाचून दाखवतो.

रानजाई
अबोली, वरी कायम डोक्यात ठेवते. दिवाळीचं कुणी सांगेल का?

सांजवात
बंदी घालू नकोस गं, बंदीचा फराळ रात्री अकराला उभ्याने खाल्ला जातो. चारच दिवस, सकाळच्या चहाबरोबर, छोट्या बशीत: एक लाडू, दोन चकल्या. जेवणाच्या *ऐवजी* नाही आणि जेवणानंतरही नाही. भाऊबीज झाली की उरलेला डबा वाटून टाकायचा. तुळशीच्या लग्नापर्यंत पुरवत बसलं की तिथेच दोन किलो.

बाकी दोन भाकऱ्या वगैरे ठीक, पण हल्ली माझी ज्वारीची भाकरी थापतानाच चिरते. कुणाला माहितेय का?

अबोली
पीठ जुनं झालंय. ज्वारीचं पीठ आठ-दहा दिवसांपुरतंच दळून आण. आत्ता असलेलं संपवायचं तर पाणी उकळून त्यात पीठ घाल, झाकण ठेव पाच मिनिटं, मग गरम असतानाच तळहाताने चांगलं मळ. एका भाकरीपुरताच गोळा घे, सगळं एकदम मळून ठेवू नकोस.

सांजवात
करून बघते. शिट्टी झाली, येते.