हॉरर शॉर्टफिल्मसाठी चर्च शोधतोय, रेकीत (जागेच्या पाहणीत) नेमकं काय बघू?

अर्धवट_रीळ:
नमस्कार मंडळी. फिल्मच्या शेवटच्या वर्षाला आहे, १२ मिनिटांची डिप्लोमा फिल्म करायचीय. गोष्ट थोडक्यात अशी: चर्चची घंटा वाजवणारा माणूस वारलाय, तरी रोज पहाटे घंटा वाजतेच, आणि त्याची मुलगी ती थांबवायला येते. सहा जणांचं युनिट, दोन रात्रींचं शूट, पैशांचं विचारू नका.

आतापर्यंत चार चर्च पाहिली. मोबाइलवर फोटो काढले, सगळेच झकास आलेत आणि तिथेच घोळ झालाय. एकाचं छत उंच, एकाचा मनोऱ्यातला गोल जिना भारी, एक साधंच. चौथं पडीक आहे आणि डीओपी (आमचा कॅमेरामन) त्याच्या इतका प्रेमात पडलाय की बाकीच्यांबद्दल ऐकून घ्यायला तयार नाही. ठरवायचं कशावरून? आणि परवानगी मागताना 'भुताची गोष्ट' म्हणून सांगायचं की 'कौटुंबिक' म्हणून वेळ मारून न्यायची? यावरून आमच्यात सरळ दोन तट पडलेत.

बूम_धरणारा:
मी साउंडवाला. माझं मत कानाकडे झुकलेलं असणार, ते धरून वाचा.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. खरं सांगा. आमच्या वेळी 'आजी आणि नातवाची गोष्ट' असं सांगून परवानगी काढली होती. पहिला दिवस छान गेला. दुसऱ्या दिवशी फादर सहज चहाच्या वेळी डोकावले तेव्हा आजी पांढरे डोळे लावून भिंतीला टेकून बसली होती. ते चिडले नाहीत, आवाजही चढवला नाही. 'संहिता बघू' एवढंच म्हणाले. आम्ही दुपारी सामान बांधलं. फिल्म निम्मी चर्चमध्ये आणि निम्मी एका रिकाम्या गोदामात झाली, ते जोडकाम आजही मला बघवत नाही. तुमची गोष्ट तर बाप-लेकीची आहे, लपवण्यासारखं त्यात काय आहे? एक पान लिहा, देवाची चेष्टा नाही हे त्यात दिसू द्या, आणि कुठला प्रसंग कुठल्या जागी होणार ते नीट नोंदवा.

आता जागा. मोबाइलचा फोटो अंधारात खोटं बोलतो. तो स्वतःच चार-पाच फ्रेम एकावर एक रचून काळोख उजळवतो, आणि वाइड लेन्समुळे खोलीही मोठी वाटते. त्यामुळे कॅमेरा न्या, ज्या लेन्सवर शूट करणार ती लावा आणि ज्या वेळी शूट करणार त्याच वेळी जा. रात्रीचं शूट असेल तर रात्री. दुपारी शांत वाटलेल्या जागेत रात्री कुठल्यातरी फ्रीजची घरघर ऐकू येते.

आत गेल्यावर मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा आणि मोजा. दगडी, उंच छताच्या मोठ्या चर्चमध्ये आवाज विरायला तीन-चार सेकंद सहज लागतात, कुठे त्याहूनही जास्त. किंकाळीला हे सोनं आहे. संवादाला मात्र विष, कारण पहिला शब्द संपायच्या आत दुसरा त्यावर येऊन पडतो आणि एडिटला कापायला जागाच उरत नाही. मुलगी पुटपुटत बोलणार असेल तर लाकडी छताचं, बाकांनी भरलेलं साधं चर्च घ्या. किंवा संवाद दुसरीकडे कोरडे रेकॉर्ड करा आणि चर्चमध्ये एक फुगा फोडून तो आवाज टिपून आणा. कॉन्व्होल्यूशन रिव्हर्बमध्ये (एखाद्या जागेचा घुमारा दुसऱ्या आवाजाला चढवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) तो टाकला की कुठलाही कोरडा आवाज त्याच चर्चमध्ये बोलल्यासारखा होतो. (फुगा फोडण्याआधी तिथल्या माणसाला सांगा. मी सांगितलं नव्हतं.)

पडीक जागेबद्दल डीओपीला माझ्यातर्फे विचारा: वीज कुठून आणणार? जनरेटर आणला तर सिंक साउंड (शूटच्या वेळीच टिपलेला आवाज) विसरा. आणि वटवाघळं असतील तर त्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून फुप्फुसाला बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. तिथे सहा जण दोन रात्री नाचणार, कुजकी फळी कोणाच्या पायाखाली येईल सांगता येत नाही. संडासही विचारून घ्या, हसू नका.

माजी_वेदीसेवक:
वरच्या प्रतिसादाशी सहमत. लहानपणी मी वेदीवर सेवा करायचो, त्यामुळे आतल्या बाजूने दोन गोष्टी.

कॅथलिक चर्च असेल तर फादर 'वर विचारून सांगतो' म्हणतील. ती टाळाटाळ नसते. १९८३ च्या चर्चच्या कायद्यातलं कलम १२१० सांगतं की पवित्र जागी उपासनेला, भक्तीला पोषक तेवढंच करता येतं. बाकी कशालाही धर्माधिकाऱ्याची त्या-त्या वेळची संमती लागते, तीही जागेच्या पावित्र्याला बाध येणार नसेल तर. म्हणून महिनाभर आधी विचारा, आणि पवित्र आठवडा (ईस्टरच्या आधीचा) किंवा नाताळाच्या तोंडावर जाऊच नका. उपासनेतून अधिकृतपणे काढलेलं जुनं चर्च मिळालं तर बरंच सोपं जाईल.

आत तांबडा दिवा जळत असेल तर तिथे पवित्र साक्रामेंत (ख्रिस्ताचं शरीर मानली जाणारी भाकर) ठेवलेला आहे. तो दिवा कंटिन्युइटीसाठी (शॉट एकमेकांशी जुळावेत म्हणून) विझवायचा नाही. आणि वेदी म्हणजे टेबल नव्हे! एका पोराने तिच्यावर लेन्सची बॅग ठेवताना मी पाहिलंय. राखणदार काका काही बोलले नाहीत, पण त्यांनी किल्ल्यांचा जुडगा हातात घेतला तो शेवटपर्यंत खाली ठेवला नाही.

जाता जाता, उलटा क्रूस टांगणार असाल तर फेरविचार करा. परंपरेनुसार संत पेत्राला उलटं क्रुसावर दिलं होतं, म्हणून ती खूण त्याची. जाणकार प्रेक्षक हसेल.

f_दोन_आठ:
रात्रीचं शूट दिवसा करायचा मोह होईल, पण आधी खिडक्यांची उंची बघा. काळं कापड बाहेरून लावावं लागतं आणि वीस फुटांवरच्या खिडकीला ते कोण लावणार? रंगीत काचा रात्री आतून नुसत्या काळ्या दिसतात. त्या उजळायला बाहेर उंच स्टँडवर लाइट हवा, म्हणजे बाहेर स्टँडपुरती सपाट जमीन आहे का तेही रेकीतच बघायचं. जुन्या चर्चची वेदी बहुधा पूर्वेला असते, होकायंत्राने खात्री करून घ्या. तसं असेल तर तुमच्या पहाटेच्या प्रसंगाला वेदीमागच्या खिडकीतून फुकटचा उजेड मिळेल. खोटं रक्त दगडी फरशीवर अजिबात नको, दगड ते पितो.

अर्धवट_रीळ:
सगळ्यांचे आभार. पडीक चर्च रद्द, डीओपी दोन दिवस बोलत नव्हता.

काल गोल जिन्याच्या चर्चमध्ये संध्याकाळी पुन्हा गेलो. टाळी वाजवली, जेमतेम दीड सेकंद. पानभर गोष्ट लिहून नेली होती ती फादरनी उभ्याउभ्याच वाचली आणि विचारलं, 'शेवटी घंटा थांबते का?' मी म्हणालो, अजून ठरलं नाही. 'ठरवा, मग वर पाठवतो' म्हणाले.

मग राखणदार काका मनोऱ्यात घेऊन गेले. आम्ही जिन्यात असतानाच घंटा वाजली. वर कोणीच नव्हतं. डीओपीने माझा दंड धरला. काका हसले, म्हणाले घंटेला विजेचा हातोडा बसवलाय, टायमरवर चालतो. दोर मात्र अजून खालपर्यंत लोंबतोय, पकडून पकडून टोकाला काळा, गुळगुळीत झालेला. मी हलकेच ओढून पाहिला तर सरसर सगळाच खाली आला. वर कशालाच बांधलेला नव्हता.

बूम_धरणारा, दोर फरशीवर पडताना झालेला आवाज मोबाइलवर आहे. तो चालेल, की रेकॉर्डर घेऊन परत जाऊ?