अटॅक आलेल्या माणसावर औषधाची चाचणी: कुठवर?

कंदील: बाबांना अटॅक आला तेव्हा स्ट्रेचरवरच संमतीचा कागद पुढे आला. घामाने पेन हातातून निसटत होतं. डॉक्टर नीट समजावत होते, पण बाबांचं लक्ष छातीवरच्या हाताकडे. बंद शीर उघडून रक्त परत धावतं तेव्हाही काही पेशी मरतात, ते नुकसान रोखणाऱ्या औषधाची ती चाचणी होती. याच कामासाठी सायक्लोस्पोरिन हे औषध 2008 मध्ये 58 रुग्णांवर तपासलं, हृदयाचा मेलेला भाग लहान दिसला. 2015 मध्ये 970 रुग्णांवर तपासलं, तर काही उपयोग दिसला नाही. मग अशा अवस्थेतल्या माणसाला आणखी किती वेळा विचारायचं? शीर लवकर उघडण्यावरच सगळा जोर लावा.

पारंबी: उपयोग नाही हे कळलं ते चाचणीमुळेच ना? 1988 च्या आयसिस-2 या चाचणीत 17,187 जण होते, तेही अटॅकच्या पहिल्या 24 तासांतले. महिनाभर ॲस्पिरिन दिल्याने हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने होणारे मृत्यू 23 टक्क्यांनी घटले. उलट उदाहरण कास्ट या चाचणीचं. ठोके नियमित करणारी फ्लेकेनाइड, एन्केनाइड जीव वाचवतील अशी डॉक्टरांना खात्री होती. त्या गोळ्या घेणारेच जास्त मेले, म्हणून 1989 मध्ये चाचणीत ती औषधं देणं बंद करावं लागलं.

कंदील: कास्टमध्ये घेतलेल्यांच्या अटॅकला किमान सहा दिवस झाले होते. त्यांना शांतपणे विचारता आलं.

पारंबी: सहा दिवसांनी वाचवायला काय उरतं? पेशी वाचवणारं औषध शीर उघडायच्या आतच द्यायला हवं.

रातवा: मला खरी चूक आधीच्या पायरीवर दिसते. प्रयोगातला प्राणी बहुधा तरुण, निरोगी. त्याची शीर ठरल्या मिनिटाला बांधतात, ठरल्या मिनिटाला सोडतात. रुग्ण साठीचा, मधुमेही, रक्त पातळ करणारी औषधं आधीच पोटात. म्हातारे, मधुमेही प्राणी घ्या, तीच औषधं सोबत द्या, त्यात नवं औषध टिकलं तरच माणसाकडे या. आणि स्ट्रेचरवर चार पानं कशाला? दोन वाक्यांत विचारा, सावरल्यावर सविस्तर बोला, तेव्हा नको म्हणाला तर मोकळं करा.

कंदील: असं असतं तर माझी तक्रार निम्मी झाली असती. पण सावरल्यावर आमच्याशी कुणी बोललंच नाही. खरं औषध मिळालं की नुसतं सलाइन, हे बाबांना आजही माहीत नाही.