छोट्या बेटावर गेस्टहाऊस की रिसॉर्ट? बेक्वेला राहून आल्यावर माझं मत

सागरवाट

फेब्रुवारीत आम्ही दोघं नऊ दिवस बेक्वेला राहून आलो. स्पेलिंग वाचून आपण बेक्विया म्हणतो पण तिथे सगळे बेक्वेच म्हणतात. सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडीन्स या देशातलं बेट, जेमतेम १८ चौरस किलोमीटर, वस्ती पाचेक हजार. आल्यापासून नातेवाईकांचा एकच प्रश्न चालू आहे की एवढा खर्च करून कॅरिबियनला गेलात आणि रिसॉर्ट सोडून कुणाच्या तरी घराच्या वरच्या मजल्यावर का राहिलात. एकेकाला सांगत बसण्यापेक्षा इथे लिहिते, आणि स्पष्टच लिहिते. एवढ्या छोट्या बेटावर जायचं तर गेस्टहाऊसमध्येच राहावं. रिसॉर्टच हवं असेल तर त्यासाठी इतकं लांब जायची गरज नाही, स्विमिंग पूल आणि बुफे सगळीकडे सारखाच असतो.

आमचं गेस्टहाऊस लोअर बेच्या वर चढावर, पाच खोल्या, मालकीणबाई खाली राहतात. पहिल्या संध्याकाळी त्यांनी वायफायच्या पासवर्डच्या आधी पाण्याचं सांगितलं. या बेटावर नदी नाही. छपरावर पडलेला पाऊस पन्हळीतून घराखालच्या सिमेंटच्या टाकीत जातो आणि तेच वर्षभर पुरवायचं. फेब्रुवारी म्हणजे कोरडे महिने सुरू झालेले, त्यामुळे साबण लावताना शॉवर बंद. मी लहानपणी आजोळी विहिरीचं पाणी मे महिन्यात मोजून वापरलेलं आहे, मला ते एका वाक्यात कळलं. चौथ्या रात्री अर्धा तास पाऊस पडला तर सकाळी त्या बाईंचा चेहरा बघण्यासारखा होता, त्यांनी मला टाकीचं झाकण उघडून पातळी किती वाढली ते दाखवलं. रिसॉर्टमध्ये पाऊस पडला की लोक वैतागतात, इथे आम्ही पण खूश झालो.

दुसरं म्हणजे खाणं. तिथला राष्ट्रीय पदार्थ म्हणजे भाजलेला ब्रेडफ्रूट आणि तळलेला जॅकफिश. ब्रेडफ्रूट म्हणजे आपला नीरफणस हो! आपण त्याची कापं करतो, मालकीणबाई अख्खा फणस निखाऱ्यावर काळा होईपर्यंत भाजतात आणि मग साल काढतात, आतून धुराचा वास लागलेला मऊ गर. १७९३ मध्ये कॅप्टन ब्लायने ताहितीहून ही झाडं जहाजातून सेंट व्हिन्सेंटला आणली, गुलामांना स्वस्तात खायला घालायला. हे मला त्या बाईंनी फणस भाजता भाजता सांगितलं आणि त्यांच्या आवाजात जे होतं ते म्युझियमच्या पाटीवर मिळत नाही.

आणि किनाऱ्यावरच्या एका झाडाखाली पावसात उभं राहू नका हेही त्यांनीच बजावलं. मॅन्चिनील म्हणून झाड असतं, हिरव्या छोट्या सफरचंदासारखी फळं, चीक इतका विषारी की पानांवरून ठिबकणाऱ्या पाण्यानेही अंगावर फोड येतात. शेजारच्या पोरांना सांगावं तसं त्यांनी हात धरून नेऊन झाड दाखवलं.

तुमची मतं सांगा, विरोधी असली तरी.

डोंबिवलीकर नाना

ताई, लेखन आवडलं पण तो "च" खटकला. गेस्टहाऊसमध्ये"च" का?

आम्ही २०२४ च्या जूनमध्ये वर्ल्डकपसाठी गेलो होतो, सेंट लुसियाला. २४ जूनची ऑस्ट्रेलियाची मॅच, रोहितचे ४१ बॉलमध्ये ९२, डोळ्यांनी बघितली, जन्माचं सार्थक. बरोबर आई होती, वय ७४, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, बीपी आणि शुगर दोन्ही. तिनेच हट्ट धरला होता कारण १९७१ साली गावसकरने तिकडे पहिल्याच सिरीजमध्ये ७७४ रन केले तेव्हा ती कॉलेजात होती आणि तेव्हापासून तिला ते मैदानं असलेले देश बघायचे होते. आम्ही मोठ्या रिसॉर्टमध्ये राहिलो. लिफ्ट होती, रात्री दोनला फोन केला तरी कुणीतरी उचलणारं होतं, इन्सुलिन ठेवायला फ्रीज आणि लाईट गेली तर जनरेटर. तिला बीचपर्यंत गाडीतून न्यायचे. मी तिला चढावरच्या घरात, बादलीभर पाण्यात भागव म्हणून ठेवलं असतं का? नाही. आणि म्हणून आमचा प्रवास खोटा किंवा कमी प्रतीचा झाला असं मला तरी वाटत नाही. ती तिथल्या एका झाडलोट करणाऱ्या बाईशी रोज अर्धा तास बोलायची, भाषा येत नसताना. माणसं भेटायची तर कुठेही भेटतात.

गुहागरकर

मी चार खोल्यांचा होमस्टे चालवतो, न्याहारी व निवास योजनेत नोंदणी आहे, तेव्हा माझं बोलणं पलीकडच्या बाजूचं समजा. कॅरिबियन मी पाहिलं नाही पण सागरवाट ताईंनी लिहिलेलं पाण्याचं वाचून माझंच घर दिसलं.

पैशाचं सांगतो. माझ्याकडे एक कुटुंब तीन दिवस राहिलं की त्यातले पैसे कोळणीकडे जातात, नारळ उतरवणाऱ्याकडे जातात, भाकऱ्या करायला येते तिला जातात, चादरी धुणाऱ्याकडे जातात, आणि हे सगळे एका किलोमीटरच्या आत राहतात. मोठ्या हॉटेलात मासे पण ट्रकने बाहेरून येतात, मी बघतो ना. त्यामुळे मी ताईंच्या बाजूने.

फक्त एक. घरात राहायचं म्हणजे घराच्या वेळा पाळायच्या. रात्री अकराला चिकन मागायचं नाही. घरात राहायची तयारी नसलेला पाहुणा माझ्याकडे येऊन दुःखी होतो आणि मलाही दुःखी करून जातो, त्याने खुशाल रिसॉर्टला जावं, त्यात वाईट काही नाही.

ब्रिजटाऊनहून

अकरा वर्षं बार्बाडोसमध्ये आहे, बांधकामाच्या कामासाठी सगळ्या ग्रेनेडीन्समध्ये जाणं होतं. मला सागरवाट यांचं म्हणणं अर्धंच पटतं आणि न पटलेलं अर्धं जास्त महत्त्वाचं आहे म्हणून लिहितो.

शांत बेट शांत का असतं? कारण तरुण पोरं तिथे नसतात. ती बार्बाडोसला, त्रिनिदादला, इंग्लंडला, न्यूयॉर्कला असतात, नाहीतर क्रूझ जहाजावर नोकरीला. तुम्हाला जी शांतता आवडली ती एखाद्या आईसाठी रिकामं घर आहे. मार्च २०२४ मध्ये सेंट व्हिन्सेंटच्या मुख्य बेटावर बकामेंट बेला सँडल्स या मोठ्या हॉटेल कंपनीचं रिसॉर्ट उघडलं, तीनशे खोल्यांचं. माझ्याकडे काम करणाऱ्या एका मुलाची बहीण तिथे लागली. तिला दर महिन्याला पगाराची स्लिप मिळते, त्या स्लिपवर बँक कर्ज देते, त्या कर्जात घराला काँक्रीटचं छप्पर होतं. पाच खोल्यांचं गेस्टहाऊस किती जणांना स्लिप देतं? बहुतेक वेळा भाची मदतीला येते आणि तिला हातावर पैसे मिळतात, तेही सीझनपुरते. डिसेंबर ते एप्रिल काम आणि बाकी महिने वाट बघायची.

छप्पर म्हटलं ते उगाच नाही. १ जुलै २०२४ ला बेरिल चक्रीवादळ आलं. आपल्या लोकांना ते आठवतं कारण वर्ल्डकप जिंकलेली टीम इथे बार्बाडोसमध्ये अडकली होती. पण आमच्याकडे ते दक्षिणेकडून निसटून गेलं आणि कॅरियाकू आणि युनियन आयलंड या दोन बेटांवर बसलं, चौथ्या श्रेणीचं होऊन. युनियन आयलंडवरच्या ९० टक्के घरांची एकतर पडझड झाली किंवा ती पूर्ण गेली, असं तेव्हाच्या पंतप्रधानांनीच सांगितलं. वादळानंतर काही आठवड्यांनी मी तिथे गेलो होतो. ज्या छोट्या गेस्टहाऊसमध्ये मी दोनदा राहिलो होतो त्याचा फक्त ओटा आणि टाकी शिल्लक होती. विमा नव्हता, परवडतच नाही, वादळाच्या पट्ट्यात प्रीमियम किती असतो माहितीये का? मोठ्या कंपनीचं हॉटेल पडलं तरी ते परत उभं राहतं, कारण तिचे पैसे दहा देशांत विखुरलेले असतात. त्या आजोबांचं सगळं एका छपराखाली होतं.

म्हणून "छोटं ते चांगलं" हे इतकं सरळ नाही हो.

सागरवाट

@ब्रिजटाऊनहून, तुमचं वाचून थोडा वेळ काहीच लिहावंसं वाटलं नाही. शांततेबद्दलचं वाक्य लागलं, खरं आहे ते. आमच्या मालकीणबाईंची पण दोन्ही मुलं ब्रुकलिनला आहेत.

पण तुमच्याच उदाहरणावरून मी उलट बोलते. बेरिलच्या वेळी बेक्वेला तुलनेने कमी नुकसान झालं आणि युनियनची कितीतरी माणसं तिकडे आली. आमच्या बाईंच्या पाचपैकी तीन खोल्या तेव्हा त्यांच्या मावसबहिणीच्या घरच्यांना दिलेल्या होत्या, कित्येक आठवडे, फुकट. २०२१ च्या एप्रिलमध्ये ला सूफ्रिएर ज्वालामुखी फुटला तेव्हाही तेच, मुख्य बेटावरच्या लोकांसाठी खोल्या उघडल्या. त्या म्हणाल्या, टाकीतलं पाणी तेवढं पुरेल का याचीच काळजी होती. घर कुणाच्या मालकीचं आहे यावर ते कुणासाठी उघडतं हे ठरतं असं मला वाटतं. पगाराची स्लिप मोठीच गोष्ट आहे, मी ती नाकारत नाही. पण दार उघडायचं की नाही हे ठरवायला मालकी लागते आणि ती तीनशे खोल्यांत काम करणाऱ्या कुणाकडेही नसते.

शिवाय बेक्वेची लोकं स्वतः हॉटेलवाली आहेत. या देशाचे १९८४ ते २००० पंतप्रधान असलेले जेम्स मिचेल बेक्वेचेच, त्यांच्या घराण्याचं जुनं घर बंदरावर हॉटेल म्हणून चालायचं. म्हणजे गेस्टहाऊस हा काही आपल्यासारख्या पाहुण्यांनी त्यांच्यावर लादलेला प्रकार नाही, तो त्यांचा स्वतःचा धंदा आहे.

@नाना, "च" मागे घेते. आईंबद्दल वाचून छान वाटलं.

अनघा_वि

मी शाकाहारी आहे आणि माझा प्रश्न वेगळाच आहे. बेक्वेला अजून व्हेलची शिकार होते ना? आंतरराष्ट्रीय व्हेलिंग कमिशनने त्यांना वर्षाला जास्तीत जास्त चार हंपबॅक व्हेलची परवानगी दिलेली आहे, परंपरा म्हणून, होडीतून हाताने भाला मारून. फेब्रुवारी ते एप्रिल हाच तो सीझन. सागरवाट, तुम्ही त्याच महिन्यात होतात आणि एक शब्द लिहिला नाहीत. त्या घराच्या टेबलावर ते आलं असतं तर काय केलं असतं? मला तरी माझे पैसे त्या बेटावर खर्च करवणार नाहीत, गेस्टहाऊस असो की रिसॉर्ट.

सागरवाट

अनघा, लिहायचं टाळलं हे खरं. आम्ही होतो तेव्हा एकही मिळाला नाही, कितीतरी वर्षं एकही मिळत नाही असंही होतं. मला ती शिकार नको वाटते, मी त्यांना तसं म्हटलंही. त्यांचं म्हणणं, आमचे आजोबा वल्ह्याच्या होडीतून जायचे आणि एक मिळाला तर अख्खं बेट जेवायचं, तुमच्या मोठ्या बोटींनी समुद्र रिकामा केला आणि आता चार आमचे मोजता. मला पटलं नाही, पण मला उत्तरही देता आलं नाही. त्याच बेटावर कासवांची पिल्लं सांभाळून समुद्रात सोडणारं केंद्र पण आहे, एका पूर्वीच्या पाणबुड्याने सुरू केलेलं. दोन्ही बघितलं. न जाण्याचा तुझा निर्णय मला कळतो.

जेवणाचं म्हणशील तर शाकाहाऱ्यांचे हाल अजिबात नाहीत. पिजन पीज म्हणजे आपली तूरच, ओल्या तुरीचे दाणे घालून भात करतात. कॅललू म्हणजे अळूच्या पानांचं दाट सूप, फक्त आधी विचारायचं की त्यात खेकडा किंवा खारवलेलं मांस घातलंय का. आणि बटाटा-चण्याची रोटी बंदरावर मिळते. १ जून १८६१ ला पहिल्यांदा भारतीय मजूर जहाजाने सेंट व्हिन्सेंटला उतरले, रोटी त्या लोकांची.

डोंबिवलीकर नाना

सागरवाट ताई, "च" मागे घेतल्याबद्दल आभार, आणि मीही थोडा मागे येतो. काल आईला हा सगळा धागा वाचून दाखवला. नीरफणसाशी ती थांबली. तिचं माहेर वेंगुर्ल्याचं, परसात झाड होतं, आता नाही. म्हणते, निखाऱ्यावर भाजलेला खायचाय आणि तुझ्या त्या रिसॉर्टमध्ये तो एकदाही दिला नाही. ते खरं आहे, तिथे सकाळी पॅनकेक आणि वॉफल असायचे.

पण माझ्या अडचणी तशाच आहेत. ब्रिजटाऊनहून, तुम्ही जाता येता म्हणून विचारतो, बेटावर हॉस्पिटल आहे का? आणि बोटीचं काय?

ब्रिजटाऊनहून

नाना, बेक्वेच्या बंदरावर, पोर्ट एलिझाबेथला, छोटं हॉस्पिटल आहे, मोठं काही झालं तर बोटीने मुख्य बेटावर किंग्सटाऊनला न्यावं लागतं. हे आईंना आणि तुमच्या डॉक्टरांना दोघांना सांगूनच ठरवा. किंग्सटाऊनहून फेरी तासाभराची, पण मधल्या खाडीत हिवाळ्यात वाऱ्याने चांगल्या लाटा असतात, गुडघा दुखणाऱ्या माणसाने जिना चढू नये, खालीच बसावं. त्यापेक्षा बार्बाडोसहून छोटं विमान थेट बेक्वेच्या धावपट्टीवर उतरतं, महाग आहे पण तुमच्या बाबतीत तेच बरोबर. माझ्याकडे एक रात्र थांबा, इन्सुलिनसाठी बर्फाची पेटी मी देतो.

माझं मत बदललेलं नाही हां. पण आईंनी नीरफणस खावा.

डोंबिवलीकर नाना

आभारी आहे, मनापासून. ताई, त्या घराला पायऱ्या किती?

सागरवाट

रस्त्यापासून बावीस, मी मोजल्यात, कारण बॅग होती. पण मागच्या अंगाने गाडी वर येते आणि तिथे एक खोली अंगणाच्या पातळीला आहे, ती त्यांनी स्वतःच्या आईसाठी बांधली होती. आता रिकामी असते, कधी देतात कधी नाही. आज संध्याकाळी त्यांना फोन करून विचारते. इस्टरचा आठवडा सोडून सांगा, तेव्हा होड्यांच्या शर्यती असतात आणि एकही खोली मिळत नाही.